स्वस्तातली मधपेटी आणली आहे, जोडायची कशी? (सातेरी म्हणजे आपली देशी मधमाशी, कोकण)

काजूबी
नमस्कार मंडळी. लांजा तालुक्यात आमची काजूची साठेक झाडं आहेत, थोडे हापूस आणि विहिरीकडे सुपारी. काजूला मोहोर भरपूर येतो, पण त्या मानाने बिया धरत नाहीत. मधमाश्या ठेवल्या तर फरक पडेल असं आप्पांनी (माझे वडील, वय ७१) कुठेतरी ऐकलं. मी पुण्यात. मला कळेपर्यंत त्यांनी भाच्याला मोबाइल देऊन ऑनलाइन संच मागवूनही टाकला. ४,६०० रुपये. गणपतीला गावी आलोय तर ओटीवर खोकं पडलेलं.

आत सुट्या फळ्या, मोठ्या कोठीच्या ८ चौकटी, वरच्या बुटक्या कोठीच्या ७, पत्र्याचं झाकण, लोखंडी स्टँड, धुराडं, जाळीची टोपी, कातडी हातमोजे, एक ब्रश, मेणपत्रे (चौकटीत लावायचे मेणाचे पातळ पत्रे) १० आणि खिळ्यांची पुडी. जोडणीचा कागद नाही. विकणाऱ्याच्या पानावर ‘भारतीय माशीसाठी, सहज जोडणी’ एवढंच लिहिलंय. फळ्यांना कच्च्या लाकडाचा वास येतोय. शनिवारपर्यंत इथे आहे. तेवढ्यात जोडून होईल का? आणि हा संच ठीक आहे, की परत पाठवू?

रंधा_करवत
अजून एकही खिळा मारू नका.
आधी मापं टाका. मोठ्या कोठीच्या फळ्या नुसत्या खाचेत बसवून आतली लांबी, आतली रुंदी. एका चौकटीची बाहेरून लांबी (वरच्या पट्टीची नव्हे, बाजूच्या दोन उभ्या पट्ट्यांच्या बाहेरून बाहेरपर्यंत). वरच्या पट्टीची रुंदी. उभ्या पट्टीची जाडी. सगळं मिलिमीटरमध्ये. टेप नको, स्टीलची पट्टी घ्या.

चकवा
एवढी उठाठेव कशाला? ते नळ उघडला की मध येणारं पोळं मिळतं की आता. चायना कॉपी स्वस्त आहे.

गवतीचहा
@चकवा, ते २०१५मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बापलेकांनी बाजारात आणलं, युरोपियन माशीसाठी (मेलिफेरा). त्यातली प्लॅस्टिकची घरं मेलिफेराच्या मापाची असतात. आपली सातेरी अंगाने लहान, तिची घरंही लहान. ती त्यात काम करायची नाही. शिवाय सातेरीची वसाहत वर्षाला पाच-दहा किलो मध देते. तेवढ्यासाठी नळ कशाला बसवायचा?

काजूबी
मापं घेतली, आप्पांनी पट्टी धरली, मी वाचलं.
कोठीची आतली लांबी २५४, रुंदी २५६.
चौकट बाहेरून २२६. उभ्या पट्टीची जाडी ८. वरच्या पट्टीची रुंदी २२.

रंधा_करवत
मग चौकटी बरोबर आहेत, पेटी चुकली आहे. हिशेब बघा.

२२६ मधून दोन्हीकडचे ८ वजा केले की आत २१० उरतात. भारतीय मानकाप्रमाणे ए टाइप (सातेरीच्या) पेटीच्या चौकटीचं आतलं माप २१० बाय १४५ आहे, म्हणजे चौकट करणाऱ्याने माप बघून केली आहे. रुंदीही जमते. आठ पट्ट्या गुणिले २२ म्हणजे १७६. २५६ मधून गेले, उरले ८०. आठ चौकटींमधल्या सात फटी आणि कडेच्या दोन, अशा नऊ. प्रत्येकी जेमतेम ९ येतात. चालतं.

घोळ लांबीत आहे. २५४ वजा २२६ म्हणजे २८, दर बाजूला १४. तिथे ८ हवेत.

उपाय सोपा आहे. ६ मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या घ्या आणि चौकटी ज्या भिंतींवर टेकतात त्या दोन भिंतींना आतून चिकटवा. वरची खाच मोकळी सोडून तिच्या खालपासून तळापर्यंत. मग २५४ मधून १२ गेले, २४२ राहिले, दोन्हीकडे बरोबर आठ-आठ. वरच्या पट्टीची टोकं खाचेत होती तशीच बसतील. पट्टी अखंड घ्या. तुकडे जोडले तर मधे फट राहणार आणि तिथे कीड बसणार. प्लायवूड नको, कोकणातल्या पावसात त्याचे पदर सुटतात.

बुटक्या कोठीचीही अशीच मापं घ्या. ज्याने खालची चुकवली त्याने वरची बरोबर केली असेल असं धरू नका.

घाटमाथा
१४ ने असं काय बिघडतं? माश्या जागा भरून काढतातच की.

गवतीचहा
भरून काढतात, तोच तर त्रास आहे. आठ-नऊ मिलिमीटरची वाट असली की माशी ती ये-जा करायला मोकळी ठेवते. जास्त असली की तिथे आगाऊ पोळं बांधते, चौकट भिंतीला चिकटते, आणि तुम्ही चौकट उचलायला जाता तेव्हा पोळं फाटतं, मध सांडतो, मुंग्या येतात. सातेरी आधीच बुजरी. दोनदा असं झालं की पेटी सोडून जाते. ही वाट अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथने १८५१मध्ये हेरली आणि तेव्हापासून हलत्या चौकटींची पेटी शक्य झाली. त्याची माशी मोठी होती, म्हणून त्याचं माप साडेनऊच्या आसपास. आपल्याकडे दक्षिणेत फादर न्यूटन यांनी शंभरेक वर्षांपूर्वी सातेरीसाठी छोटी पेटी बसवली, आजची ए टाइप साधारण त्याच वळणाची.

आणि एक गोष्ट विकणारे कधी सांगत नाहीत. मेलिफेरा झाडांचा डिंक आणून पेटीतल्या बारीक फटी स्वतः बुजवते. सातेरी डिंक जवळजवळ आणतच नाही. म्हणजे सांध्यात फट राहिली तर ती कायमची राहते. त्यात मेणपतंग अंडी घालतो, अळ्या पोळ्यात शिरून जाळी करतात. आमच्याकडे (संगमेश्वर) पेट्या रिकाम्या झाल्या त्या बहुतेक पावसाळ्यात आणि बहुतेक ह्याच कारणाने. म्हणून स्वस्त पेटी मेलिफेराला एक वेळ चालेल, सातेरीला तिच्यावर मेहनत घ्यावी लागते.

काजूबी
वा, इतकं सविस्तर! आप्पा म्हणतात, सुताराला विचारलं असतं तर त्यानेच करून दिली असती. आता म्हणतात. 🙂
कच्च्या वासाचं काय करू? आणि फटी कशाने बुजवू?

रंधा_करवत
वास म्हणजे ओल. आज जोडलीत तर दिवाळीपर्यंत फळी आटेल आणि सांधे उघडतील. सुट्या फळ्या सावलीत, मधे काड्या घालून, वारा लागेल अशा रचून ठेवा. उन्हात टाकू नका, पिळवटतील. पाऊस उघडला की महिनाभराने जोडा. शनिवारचा हट्ट सोडा.

जोडताना: सांध्याला फेविकॉल (पाण्यात न सुटणारा घ्या), वर स्क्रू. पुडीतले खिळे फेकून द्या, ते पहिल्या पावसात गंजतात. स्क्रू पूर्ण आवळायच्या आधी कोठीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर कोठी गुण्यात (काटकोनात) आहे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर हाताने दाबून सरळ करा आणि मगच आवळा. कोठी तिरकी राहिली तर वरची कोठी खालच्यावर नीट बसत नाही. फटी बाहेरून बुजवायला लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरा, वाळला की पॉलिश पेपर मारा.

रंग फक्त बाहेरून, फिका. नाहीतर जवसाचं तेल उकळून दोन हात. आतून काहीही लावायचं नाही.

गवतीचहा
आतून शुद्ध मेण चोळलं तर उत्तम. त्या वासाने माशी टिकते.

न्यूजर्सीचा_बाबू
इकडे सगळेच फ्लॅटपॅक आणून जोडतात, पाइनच्या दहा चौकटींच्या लँगस्ट्रॉथ पेट्या. एक गोष्ट तिकडेही लागू पडेल. चौकटीची वरची पट्टी आणि उभी पट्टी जोडताना वरून दोन खिळे मारतातच, पण एक खिळा बाजूने, उभ्या पट्टीतून वरच्या पट्टीत मारा. मधाने जड झालेली चौकट वरून उचलताना पहिला सांधा सुटतो तो तिथला. बाकी आमच्याकडे सातेरी नाही, त्यामुळे गप्प बसतो.

रंधा_करवत
+१. बरोबर सांगितलंत.

पारंबी
४,६०० म्हणजे लुटलं हो. सरकारी योजनेतून अर्ध्या पैशात मिळते.

सातारी_मधपाळ
@पारंबी, अर्धं बरोबर आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. त्यांच्या मधकेंद्र योजनेत निम्मं अनुदान, निम्मे आपले, पण आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. जिल्ह्याच्या ग्रामोद्योग कार्यालयात अर्ज मिळतो. पुण्यात राहणाऱ्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था जवळ, १९६२ची जुनी संस्था आहे, तिथेही वर्ग चालतात. आप्पांना मात्र मांघरला घेऊन जा. महाबळेश्वर तालुक्यातलं छोटं गाव, २०२२मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. घरोघरी सातेरीच्या पेट्या आहेत. चाललेली पेटी एकदा उघडून पाहिली की इथले निम्मे प्रश्न सुटतील.

बाकी पैशाचं म्हणाल तर खर्च पेटीवर करावा, टोपीबिपीवर नाही. कातडी हातमोजे काढून ठेवा. बोटांना काही कळत नाही, माशा चिरडतात, आणि चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या जास्त चिडतात. टोपी ठेवा. धुराड्यात सोडणाचा (नारळाच्या सालीचा) भुगा नाहीतर गोवरी घाला, प्लॅस्टिकबिस्टिक नको. मधयंत्र (पोळ्यातून मध काढायचं) तर पहिल्या वर्षी घेऊच नका. दोन-तीन गावांत मिळून एक पुरतं.

काजूबी
धुराड्याचं भातं फाटलेलंच आलंय, त्यामुळे तो प्रश्न मिटला. मेणपत्र्यांबद्दल कुणी काहीच बोललं नाही? दिसायला छान आहेत, पिवळेधमक.

गवतीचहा
त्यावर षटकोनी ठसे आहेत ना? एका ओळीतली सलग १० घरं पट्टीने मोजा. ४८-४९ मिमी भरली तर सातेरीचा मेणपत्रा. ५३-५४ भरली तर मेलिफेराचा.

काजूबी
५३.
(आप्पांनी पुन्हा मोजलं. ५३च.)

गवतीचहा
मग नका लावू. त्यावर सातेरी वेडीवाकडी घरं काढते, किंवा त्याला हातही लावत नाही. ते पत्रे फुकट नाही जायचे. एखादा तुकडा जाळून बघा, मेणबत्तीसारखा वास आला तर त्यात पॅराफिन आहे, ते पेटीत नको. मधाचा, फुलांचा वास आला तर वितळवून ठेवा. प्रत्येक चौकटीच्या वरच्या पट्टीच्या खालच्या अंगाला मधोमध, लांबीभर, त्या मेणाची बारीक रेघ ओढा. सातेरी त्या रेघेला धरून स्वतःचं पोळं सरळ खाली बांधते, मेणपत्र्याची तिला एवढी गरज नसते. पेटी मात्र पाणसळीने आडवी समतल ठेवायची, नाहीतर पोळं चौकटीबाहेर जातं. पुढे दाराच्या बाजूला किंचित उतार द्या, पावसाचं पाणी आत थांबत नाही.

घाटमाथा
आणि माश्या कुठून आणायच्या? ऑनलाइन त्याही मिळतात म्हणे. 😄

सातारी_मधपाळ
चार-पाच भरल्या चौकटींची वसाहत जवळच्या मधपाळाकडून घ्यावी, लांबून नको. बघून घ्या: राणी घालते आहे का (घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी अंडी उभी दिसतात), बंद पिलावा (पिलांची मेणाने बंद केलेली घरं) सलग आहे की विखुरलेला, आणि मेलेल्या अळ्या पिशवीसारख्या फुगलेल्या दिसतात का. तसं दिसलं तर सरळ परत फिरा. थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू आहे. १९९१-९२मध्ये केरळात त्याने सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या. ह्याच कारणाने जुनी वापरलेली पेटी घेऊ नका, आणि माश्यांना बाजारातला मध खाऊ घालू नका. खायला द्यायचं तर साखरेचा पाक, साखर आणि पाणी समभाग.

कोंड्यावरचा
आमच्या पडवीच्या भिंतीत सातेरी आहे वर्षानुवर्षं. तीच पेटीत घेता येईल की.

गवतीचहा
येईल, पण एकट्याने नको, माहीतगार सोबत हवा. संध्याकाळी, हलक्या धुराने. पिलाव्याची पोळी कापून चौकटीत बसवायची आणि केळीच्या सोपाने बांधायची. माश्या पोळं जोडून झालं की सोप कुरतडून बाहेर टाकतात. मधाची पोळी चौकटीत नको, ती जड, तुटतात. राणी पेटीत गेली की बाकीच्या मागोमाग येतात. पहिले काही दिवस दाराला राणीगेट लावायचं, म्हणजे कामकरी ये-जा करतात आणि राणी आत राहते. पण राणी नवी, न फळलेली असेल तर गेट लावायचं नाही. तिला नरांशी मीलनासाठी बाहेर उडावंच लागतं. अडवलीत तर ती वसाहत संपली. म्हणून आधी अंडी बघा, मग गेटचं ठरवा.

काजूबी
हे गेट संचात नाहीये. सातेरीसाठीच म्हणून विकतात ना हो? असो. कधी आणू माश्या? काजूचा मोहोर डिसेंबरात धरतो.

सातारी_मधपाळ
नोव्हेंबरात आणा. पाऊस पूर्ण गेलेला, रानात फुलं, वसाहत पंधरा-वीस दिवसांत रुळते आणि काजूच्या वेळी कामाला तयार. आत्ता भाद्रपदात आणलीत तर पाकावरच जगवावी लागेल. पुढच्या पावसाळ्यात तुमच्याकडे नारळ-सुपारीचा पराग असेल. मध मात्र मिळणार नाही, उलट तुम्हालाच पाक द्यावा लागेल. जून ते सप्टेंबर पेटीत माश्यांच्या खाण्याचा साठा किती आहे ते दर आठवड्याला वर उचलून वजनाने अजमावायचं. तळपाटावर पडलेला कचरा तेव्हाच साफ करायचा, मेणअळी तिथूनच सुरू होते. माश्यांनी न झाकलेली रिकामी पोळी काढून घ्यायची.

एका साठेक झाडांच्या बागेला एक पेटी थोडी कमीच. पण पहिलं वर्ष एकच असू द्या.

हापूसवाला
एकही जण बोलला नाही म्हणून मी बोलतो. तुडतुड्यांसाठी आंब्याच्या मोहोरावर फवारे मारतात ते कुणी धरले आहेत का? तुमचे थोडे हापूस म्हणालात, पण शेजाऱ्याचे? सातेरी एक-दीड किलोमीटर सहज जाते. तुम्ही नाही मारलंत तरी शेजारी मारणार. माझ्याकडे एका फवाऱ्यानंतर पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा खच पडला होता. पेटी काय मापाची होती ह्याने तेव्हा काही फरक पडला नसता.

काजूबी
हे मनात आलंच नव्हतं. शेजारी मारतात, कंत्राटावर बाग दिली आहे.

हापूसवाला
मग कंत्राटदाराशी आधीच बोला, ऐनवेळी नको. फवारा संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर मारायला सांगा आणि तुम्हाला आदल्या दिवशी फोन करायला सांगा. फोन आला की अंधार पडल्यावर पेटीचं दार जाळीने बंद करायचं, वर ओलं गोणपाट, हवा खेळती राहील असं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर उघडायचं. त्याहून जास्त वेळ कोंडू नका, उकाड्याने मरतात. औषधं जहाल असतील तर एवढ्याने भागत नाही. मी आता जानेवारीत पेट्या मेव्हण्याकडे हलवतो, तिकडे आंबा नाही. हलवायची तर रात्री, आणि दोनेक किलोमीटरच्या पलीकडे. नाहीतर माश्या जुन्याच जागी परततात.

कोंड्यावरचा
स्टँडच्या पायांखाली करवंट्या ठेवून पाणी घालतात. ओंबील, डोंगळे अशा मुंग्या वर चढत नाहीत. पण फांदी किंवा गवताची काडी पेटीला टेकू देऊ नका, ओंबील तिथून पूल करतात. पावसात पत्र्यावर इरलं बांधा, पत्र्याचा ताशा वाजायचा थांबतो.

पारंबी
माशी चावली तर चुना लावायचा ना?

गवतीचहा
सातेरीची नांगी आतच राहते. नखाने खरवडून लगेच काढा. त्यापुढे चुना लावा नाहीतर लावू नका. अंगभर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला, श्वास लागला तर घरगुती काही करत बसू नका, थेट दवाखाना. आप्पांना आधी कधी माशी चावून त्रास झाला आहे का, ते विचारून घ्या. आणि पेटी घराच्या वाटेपासून, गोठ्यापासून लांब. दार पूर्वेकडे, दुपारची सावली.

काजूबी
आप्पांना आग्या माश्यांनी एकदा फोडलंय, तरुणपणी, काही झालं नाही म्हणतात. तरी बघतो डॉक्टरांना विचारून.

ताजी खबर: फळ्या माळ्यावर काड्या घालून रचल्या. बुटक्या कोठीची मापं घेतली, आतली लांबी तिथेही २५४, म्हणजे पट्ट्या चार लागतील. गावातल्या सुताराकडे सागाचे तुकडे होते, त्याने समोर रंधा मारून सहा मिलिमीटरच्या करून दिल्या, ८० रुपये घेतले. विकणाऱ्याला मापांचे फोटो पाठवलेत, उत्तर आलेलं नाही. आता एकच राहिलं. तो तळपाट आणि चौकटीची खालची पट्टी ह्यांच्यात १९ मिमी भरतंय. तेही ८ करायचं का?

रंधा_करवत
नको. तळाशी जास्त चालतं. पोळं वरून खाली येतं आणि कचरा पडायला, झाडून काढायला जागा लागते. वरच्या कोठीच्या चौकटींचा तळ आणि खालच्या चौकटींचा माथा ह्यांच्यातलं अंतर तेवढं बघा, तिथे मात्र ८ हवेत.

काजूबी
तिथे ७.

रंधा_करवत
७ चालतील. मग जोडा. नोव्हेंबरात. आणि राणीगेट आत्ताच मागवून ठेवा, सातेरीचंच. मेलिफेराच्या गेटमधून सातेरीची राणी आरामात बाहेर पडते.